लंकेच्या खेड्यांतील आपले पाद्री

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्हीं कशावर बोलावें हें महोत्सव-कमिटीनेंच ठरवून दिलें आहे. आपल्या चर्चच्या या शुभ वर्षाची आठवण म्हणून येथील कांहीं तरुण-तरुणींची एक तुकडी परदेशांतील एखाद्या खेड्यांत सेवेसाठीं पाठवावी असा विचार चालला आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्यावर गेले दोन महिने गांवांत जी चर्चा चालली आहे तीही आपणांस ठाऊक आहे. एक पक्ष म्हणतो कीं, चर्चचें छप्पर गळतें, शाळेच्या दोन खोल्या अर्धवट राहिल्या आहेत, अशा वेळीं परदेशच्या भाड्यावर पैसा घालणें म्हणजे घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, आजवर दुसऱ्यांनीं येऊन आम्हांस दिलें, आतां देण्याची पाळी आमची. आम्ही कोणत्या पक्षाचे हें शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं एक जुनी हकीकत आपणांस ऐकावी लागेल, कारण हा प्रश्न आपल्या किनाऱ्यास नवा नाहीं.

मिशन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें यूरोपांतून गलबतानें आलेला, लांब दाढीचा गोरा पाद्री उभा राहतो. देणारे ते, घेणारे आपण, अशी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगांत मुरली आहे. ती अगदींच खोटी आहे असें नाहीं, पण अपुरी आहे. वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ च्या ५ फेब्रुवारीस जपानांत नागासाकी येथें क्रुसावर गेले आणि १८६२ त संतपदास चढले, हें आपल्या लेंकरांसही पाठ आहे. परंतु ते एकटे निघाले नव्हते, परक्यांनीं चालविलेल्या संघांतून गेले. आम्ही आज ज्यांविषयीं बोलणार ती मंडळी निराळी. तीं सारीं माणसें आपल्याच रंगाचीं, आपल्याच किनाऱ्यावरचीं, पेजभात खाणारीं. त्यांनीं स्वतःची मंडळी स्वतः उभारली आणि समुद्रापलीकडच्या लंकेंतील खेड्यांची चाकरी दीडशें वर्षांच्या आसपास केली. त्यांच्या पुढाऱ्याचें नांव फादर जोसेफ वाझ. आपल्यांत वाझ आडनांवाचीं घरें थोडीं नाहींत. त्यांनीं तरी कान टवकारावे.

त्या वेळची लंकेची स्थिति थोडक्यांत सांगतों. किनाऱ्यावर पोर्तुगीजांचें राज्य होतें, तें वलंदेजांनीं घेतलें. कोलंबो १६५६ त पडलें, जाफना १६५८ त. वलंदेज म्हणजे डच. ते ख्रिस्तीच, पण सुधारित पंथाचे आणि पोपसाहेबांचे कडवे विरोधक. त्यांनीं कॅथलिक पाद्र्यांस देशाबाहेर घालविलें, चर्चें आपल्या पंथाकडे घेतलीं, आणि कोणी पाद्र्यास घरांत लपविल्यास त्यास देहान्ताची शिक्षा असा हुकूम काढला. यापुढें जवळजवळ तीस वर्षें त्या बेटांत मिस्सा सांगावयास, कुमसार ऐकावयास, मरणाऱ्याच्या उशाशीं बसावयास एकही पाद्री उरला नाहीं. तीस वर्षें म्हणजे जन्मलेलें मूल बाप होतें. तरी खेड्यांतून श्रद्धा जिवंत होती. कोठें एखादी आजी अंधारांत जपमाळ ओढी, कोठें बाप मुलास क्रुसाची खूण शिकवी.

ही बातमी गोव्यास पोहोंचली तेव्हां तेथें हुकमतदार पुष्कळ, पाद्री त्याहून पुष्कळ. पण जाणार कोण? गोरा माणूस किनाऱ्यावर उतरतांच ओळखला जाणार. एतद्देशीय पाद्री ओळखला जाणार नाहीं, पण एतद्देशीय पाद्र्यास युरोपीय धर्मसंघ बहुधा आपल्यांत घेतच नसत. त्यामुळें त्याच्या पाठीशीं ना संघ, ना पैसा, ना मान.

जोसेफ वाझ यांचा जन्म सासष्टींतील बाणावली येथें २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. १६७६ त ते पाद्री झाले आणि १६८१ पासून तीनएक वर्षें त्यांनीं कानडा प्रांतांत विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. गोव्यास परतल्यावर जुन्या गोव्यांतील टेकडीवर, चमत्कारी क्रुसाच्या चर्चपाशीं, कांहीं देशी पाद्री एकत्र राहूं लागले होते. त्यांना १६८५ त वाझ यांनीं संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमांखालीं आणिलें. देशी पाद्र्यांनीं देशी पाद्र्यांसाठीं चालविलेली ही संस्था. तिच्यांत एक वैगुण्य होतें तें येथेंच सांगून टाकतों, कारण ज्युबिलीच्या अंकांत केवळ गोडवे गाण्याची आपली रीत आम्हांस पसंत नाहीं. ज्यांना गोऱ्यांनीं रंगावरून दाराबाहेर ठेविलें, त्या या मंडळींनीं आपल्या दारांत ब्राह्मण कुळांतल्याच पाद्र्यांस प्रवेश दिला. बाकीच्यांस दुसरीकडे वाट शोधावी लागली. लंकेंत गेल्यावर त्यांनीं कोणाची जात विचारीत बसल्याचें ऐकिवांत नाहीं, पण गोव्यांतला तो उंबरठा त्यांना ओलांडतां आला नाहीं, हेंही खरें.

१६८६ त वाझ गोव्याहून निघाले. बरोबर घरचा एक सेवक, जुवांव. मलबारच्या किनाऱ्यानें, तुतिकोरीनपर्यंत जाऊन, पाद्र्याचा झगा उतरवून, हमालाच्या वेषांत, अनवाणी, १६८७ त ते लंकेच्या उत्तरेस जाफन्याकडे पोहोंचले. उतरतांच अतिसारानें आजारी पडले. रोग पसरेल या भयानें लोकांनीं त्यांस वस्तीबाहेर नेऊन टाकलें आणि कोणा एका बाईनें रोज पेज आणून त्यांना जगविलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या बाईचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. सेवा करावयास गेलेल्या माणसाची पहिली सेवा त्या खेड्यानें केली. हें वाक्य कमिटीनें कृपा करून टिपून ठेवावें.

बरें वाटल्यावर प्रश्न पडला, ख्रिस्ती घर ओळखावें कसें? विचारण्याची सोय नाहीं. चुकीच्या दारीं विचारलें तर स्वतःचा जीव जाईल आणि त्याबरोबर दुसऱ्यांचाही. तेव्हां वाझ यांनीं जपमाळ गळ्यांत घातली आणि ते दारोदार भीक मागूं लागले. बहुतेकांस तो एक भिकारी दिसला. परंतु एखाद्या घरीं भीक घालणाऱ्याचा हात माळेकडे पाहून थबके. तो थबकलेला हात हीच खूण. असें घर लागल्यावरही घाई नाहीं. कांहीं दिवस येणेंजाणें, मग एके रात्रीं हळूच सांगणें, ‘मी पाद्री आहें.’ त्या रात्रीं त्या घरांत काय झालें असेल याची कल्पना तीस वर्षें मिस्सा न ऐकलेल्यासच करतां येईल.

पुढें सिल्लालै नांवाच्या खेड्यांत त्यांनीं मुक्काम केला. तें सारें गांव कॅथलिक आणि मनाचें घट्ट. दिवसा घरांत लपून राहावें, रात्रीं मिस्सा सांगावी, पहाट होण्यापूर्वीं दुसऱ्या वस्तीस जावें, असा क्रम. येथें आम्हांस एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. चरित्रें वाचतांना आपण पाद्र्याच्या धैर्याचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. पण हुकूम लपविणाऱ्यावर होता. पाद्री एकटा, त्यास बायकामुलें नाहींत; संकट आल्यास तो रानांत पळेल. ज्याच्या माजघरांत तो झोपला, त्याचें घर, शेत, मुलें सारीं तेथेंच राहणार. डचांनीं सिल्लालै आणि आसपासच्या कॅथलिकांवर धाड घातली तेव्हां मार खाल्ला तो गांवकऱ्यांनीं, वाझ निसटले. त्यांनाही याची जाणीव होती असें दिसतें, कारण आपल्यापायीं लोकांचा छळ वाढतो असें पाहून ते १६९० च्या सुमारास पश्चिमेकडे पुत्तळमला, म्हणजे डचांच्या हद्दीबाहेर कांडीच्या राजाच्या मुलखांत गेले.

कांडी हें डोंगरांतलें बौद्ध राज्य. तेथें पोर्तुगीज कैद्यांचे वंशज बरेच होते, आणि तेही पाद्र्यावांचून. १६९२ त वाझ कांडीस पोहोंचले, तो कोणीं त्यांच्याविषयीं पोर्तुगीजांचा हेर म्हणून राजाचे कान भरले, आणि त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. कैद हळूहळू सैल झाली. त्या अवधींत ते सिंहली शिकले. जाफन्याच्या बाजूस तामिळ शिकलेच होते. सिंहली ही आपल्या मराठी-कोंकणीप्रमाणें आर्य कुळांतली भाषा, तेव्हां गोव्याच्या माणसास ती तामिळीहून सोपी गेली असावी. दुष्काळांत त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस पडला व राजानें त्यांस मोकळीक दिली, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. तिच्यावर आम्ही वेळ घालवीत नाहीं. आमच्या मतें त्याहून मोठी गोष्ट १६९७ त घडली.

त्या वर्षीं कांडींत देवीची मोठी सांथ आली. तत्पूर्वीं गोव्याच्या ओरेटरीनें आणखी पाद्री पाठविले होते, त्यांत वाझ यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो होते. राजा आणि दरबार शहर सोडून गेला. त्या काळची चाल अशी कीं, अंगावर फोड दिसले कीं रोग्यास रानांत नेऊन सोडावें. तेथें भुकेनें किंवा श्वापदांनीं जें व्हावयाचें तें होई. हे दोघे रानांत जाऊन रोगी शोधूं लागले. झोंपड्या बांधल्या, सोडून दिलेल्या घरांत रोगी आणून ठेविले. जखमा धुवाव्या, पेज भरवावी, मेलेल्यास मूठमाती द्यावी. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध हें विचारलें नाहीं. देवीवर लस त्या काळीं नव्हती. इंग्लंडांत जेन्नरनें ती काढली १७९६ त, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीं. औषध म्हणजे पाणी, पेज आणि जवळ बसणारा माणूस एवढेंच. ज्यांनीं रोग्यांजवळ बसण्याचें काम केलें असेल त्यांस आम्ही सांगावयास नको कीं तिसरी गोष्ट मिळणें सर्वांत कठीण.

राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें नंतर त्यांना आपल्या मुलखांत मोकळेपणीं हिंडूं दिलें. हा राजा स्वतः धर्मनिष्ठ बौद्ध. लंकेंत भिक्खूंची दीक्षापरंपरा खंडित झाली होती, तिच्या पुनरुज्जीवनासाठीं त्यानेंच आराकानहून भिक्खू आणविले. आपल्या धर्माची घडी बसविणारा राजा दुसऱ्या धर्माच्या पाद्र्यास आश्रय देतो, आणि ख्रिस्ती म्हणविणारे डच त्याच पाद्र्यास पकडावयास टपतात. इतिहास कधीं कधीं असा थट्टेखोर असतो.

आतां मुख्य मुद्दा. डचांच्या आणि कांडीच्या मुलखांत मिळून खेडीं किती आणि पाद्री किती! गोव्याहून येणारी मंडळी नेहमींच मूठभर. एका खेड्यांत पाद्री आला तर पुन्हां महिनोन्‌महिने येणार नाहीं. मग त्यांनीं काम चालविलें कसें? प्रत्येक वस्तींत त्यांनीं गांवचींच माणसें नेमलीं. ‘अण्णावी’ म्हणजे प्रार्थना चालविणारा. त्यानें रविवारीं लोक जमवावे, मुलांस धर्मशिक्षण द्यावें, निकडीच्या वेळीं बाप्तिस्मा द्यावा, मरणाऱ्यापाशीं प्रार्थना म्हणावी. ‘मुप्पू’ म्हणजे वस्तीचा वडील. त्यानें जागा, पैसा, भांडणें, कोणाचें कसें चाललें आहे हें पाहावें. पाद्री येई तेव्हां मुप्पू त्यास सांगे कीं अमक्याचें लग्न लावावयाचें आहे, तमका आजारी आहे, या दोघांचा अबोला आहे. पाद्री दोन रात्रींत कामें उरकून निघून जाई, आणि सोमवारीं सकाळीं गांव पुन्हां अण्णावीच्या हातीं. खरी मिशनची तुकडी म्हणावी तर ती हीच. गोवेंकर पाद्री तिचे फिरते मदतनीस.

१७०५ त दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस आले, आणि या कामास जें हवें होतें तें मिळालें. अण्णावीच्या हातीं पुस्तक नव्हतें. तें गोन्साल्विसांनीं दिलें. ते भाषेचे व्यासंगी. सिंहली त्यांनीं बाजारांतली नव्हे, पंडितांची शिकून घेतली आणि सिंहली व तामिळ या दोन्ही भाषांत ग्रंथ लिहिले; सिंहलींतच वीसएक. कोश रचले, पुराणाच्या धर्तीवर ख्रिस्तचरित्र सांगितलें, उपासकाळांत म्हणावयाचीं दुःखभोगाचीं गीतें लिहिलीं. सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक असें आज त्यांना म्हणतात. १६१६ त फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण मराठींत छापून निघालें, त्याची येथें आठवण होणें साहजिक आहे. तेथें इंग्लंडचा माणूस मराठींत लिहितो, येथें दिवाडीचा माणूस सिंहलींत. आणि दोघांनींही श्रोत्यांच्या कानास जें वळण होतें तेंच घेतलें. आपलें वळण त्यांच्यावर लादलें नाहीं. फादर गोन्साल्विस १७४२ त बोलवत्त येथें वारले.

फादर वाझ त्यापूर्वींच, १६ जानेवारी १७११ रोजीं, कांडींत निवर्तले. चोवीस वर्षें त्यांनीं लंका सोडली नाहीं. गोवा पुन्हां पाहिला नाहीं. त्यांची कबर आज नक्की कोठें आहे हें कोणास दाखवितां येत नाहीं. सेबास्त्यांव द रेगो या ओरेटरीच्याच पाद्र्यानें लिहिलेलें त्यांचें चरित्र १७४५ त लिस्बनास छापलें गेलें. २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबोंत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य म्हणून, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरांत गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनीं संत म्हणून घोषित केलें. तीनशें चार वर्षें लागलीं. रोमची गति आपल्या शाळेच्या दोन खोल्यांपेक्षांही संथ, हें ऐकून बांधकाम-कमिटीस धीर यावा.

१७३९ त आपल्या बाजूस वसई पडली आणि युरोपीय संघांचे पाद्री निघून गेले; मागें देशी पाद्री व आपले वाडवडील राहिले, आणि श्रद्धा राहिली ती त्यांच्यामुळें. त्याच १७३९ सालीं कांडींत ओरेटरीच्या मंडळींस सांभाळणारा राजा नरेंद्रसिंह वारला; पुढच्या राजाच्या अमदानींत वारा फिरला आणि पाद्र्यांस कांडीच्या मुलखांतून बाहेर पडावें लागलें. वाहकोट्टें यासारख्या आंतल्या खेड्यांतले कॅथलिक तरी कॅथलिकच राहिले. अण्णावी होते, गोन्साल्विसांचीं पुस्तकें होतीं. १७९६ त डच जाऊन इंग्रज आले, १८०६ त इंग्रजांनीं कॅथलिकांवरचे निर्बंध उठविले. १८३४ त पोर्तुगालनें आपल्या राज्यांतले धर्मसंघ बंद केले, आणि गोव्याची ओरेटरीही त्यांत संपली. संस्था संपली, पण लंकेंतलीं तीं गांवें नाहींत.

आतां आपल्या तुकडीकडे वळूं. आम्ही जाण्याच्या पक्षाचे आहों. परंतु छपरासाठीं दिलेला पैसा छपरासच लागला पाहिजे. दात्यानें ज्यासाठीं दिला त्याखेरीज तो दुसरीकडे नेण्याचा अधिकार कोणास नाहीं, मग हेतु कितीही पवित्र असो. जाणाऱ्यांसाठीं निराळी वर्गणी करावी आणि ती कमी पडली तर माणसें कमी पाठवावीं. बारा जणांनीं तीन आठवडे जाऊन भिंतीला रंग देऊन, फोटो काढून परत येण्यापेक्षां दोघांनीं दोन वर्षें राहणें आम्हांस अधिक पटतें. भिंत रंगविणारे त्या खेड्यांतही असतील, आणि त्यांना मजुरीची गरज असेल.

दुसरें असें कीं, कोणत्या देशीं जावयाचें हें आपण येथें नकाशावर बोट ठेवून ठरवूं नये. तेथील पाळकानें व गांवकऱ्यांनीं बोलवावें, काय हवें तें त्यांनीं लिहावें, आणि त्यांनीं ‘तूर्त नको’ म्हटलें तर थांबावें. आपलीं माणसें तेथें राहिल्यामुळें त्या गांवास कोणता त्रास होईल, कोणाचें सरकारी लफडें मागें लागेल, कोणाच्या घरचा तांदूळ संपेल, हें आधीं विचारावें. कारण आपण परत येऊं, सिल्लालैचे लोक सिल्लालैसच राहतात.

आणि भाषा. गेल्या रविवारीं एका तरुणानें आम्हांस उत्साहानें सांगितलें कीं इंग्रजी आतां सगळीकडे चालते. शहरांत चालते. खेड्यांतली आजारी म्हातारी इंग्रजींत कण्हत नाहीं. जाण्यापूर्वीं सहा महिने तेथील भाषेचा अभ्यास, तोही त्या भाषेच्याच माणसापाशीं, अशी अट कमिटीनें घातली तर उमेदवारांची संख्या आपोआप योग्य तेवढी होईल.

आणखी एक विनंति आयांस व बापांस आहे. मुलगा जातो म्हटल्यावर अभिमान वाटतो, मुलगी जाते म्हटल्यावर काळजी वाटते, हें आम्ही जाणतों. पण जी पेज घेऊन रोज त्या आजारी परदेशी माणसाकडे गेली ती बाईच होती. तेव्हां नांवें देतांना घरांतल्या मुलींस मागें ओढूं नये, आणि नांव देणारीस गांवानें बोल लावूं नये.

असो. वेळ बराच झाला, आणि बाहेर नाटकाची मंडळी पडदा बांधून वाट पाहत आहेत. कमिटीची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या मोठ्या खोलीत आहे. छपराच्या पक्षाच्या लोकांनीं तिला अवश्य यावें. हिशेबाची वही तेथें ठेवली जाईल.